अडलेला कर्नल, रुसलेला पेन ड्राइव्ह

लिनक्स वापरणाऱ्यांच्या दोन तक्रारी गेली पंचवीस-तीस वर्षं तग धरून आहेत. एक म्हणजे कर्नल कंपाइल करायला घेतला आणि मध्येच अडला. दुसरी म्हणजे पेन ड्राइव्ह किंवा बाहेरची हार्ड डिस्क लावली, पण ती दिसेना. दिसली तर उघडेना. पहिली तक्रार प्रोग्रामरची, दुसरी कोणाचीही. म्हणून त्यांचा विचार सहसा वेगवेगळा होतो. खरं तर दोन्ही एकाच घरच्या आहेत. तक्रार घेऊन येणारा 'कर्नल बिघडलाय' असं सांगतो, पण कर्नल स्वतः क्वचितच बिघडलेला असतो. बिघाड बहुतेक वेळा त्याच्या आणि त्याच्या शेजाऱ्यांच्या सांध्यात असतो. कंपायलर, मॉड्युल, फाइल सिस्टिम, केबल आणि वीज हे ते शेजारी. हे सांधे कोणत्या क्रमाने तपासावेत, हा या आढाव्याचा विषय.

चेन्नईच का?

हा विषय चेन्नईच्या अंगाने पाहायला कारण आहे. सी-डॅक १९८८ साली पुण्यात स्थापन झाली आणि मराठी वाचक तिला परम महासंगणकामुळे ओळखतो. पण याच संस्थेचं लिनक्सवरचं मोठं काम तिच्या चेन्नई केंद्रात झालं. २००५ साली केंद्र सरकारने मुक्त सॉफ्टवेअरसाठी राष्ट्रीय संसाधन केंद्र उभं केलं. सी-डॅकचं चेन्नई केंद्र आणि अण्णा विद्यापीठाच्या क्रोमपेट इथल्या एमआयटी आवारातलं एयू-केबीसी संशोधन केंद्र हे त्यातले भागीदार. त्यातून बॉस, म्हणजे 'भारत ऑपरेटिंग सिस्टिम सोल्युशन्स', हे लिनक्सचं देशी वितरण आलं. पाया डेबियनचा, वर मराठीसह अनेक भारतीय भाषांतला डेस्कटॉप. तमिळनाडूत २०११मध्ये विद्यार्थ्यांसाठी मोफत लॅपटॉपची योजना सुरू झाली, तेव्हा त्या यंत्रांतही बॉस पोचलं.

आयआयटी मद्रासमध्ये तर कर्नलच्या मांडणीलाच हात घालणारा 'मूल' प्रकल्प झाला. कर्नलचे भाग एकमेकांत फार गुंतलेले असल्यामुळे देखभाल जड जाते, ती गुंतागुंत ऑब्जेक्ट ओरिएंटेड पद्धतीने कमी करावी, हा त्याचा हेतू. त्याच आवारात प्रा. व्ही. कामकोटी यांच्या गटाने रिस्क-फाइव्ह घडणीचा 'शक्ती' प्रोसेसर तयार केला आणि २०१८ साली त्याच्या चिपवर लिनक्स चालवून दाखवलं. शहरातला लिनक्स वापरणाऱ्यांचा गट नव्वदच्या दशकाच्या अखेरीपासून टिकून आहे आणि त्याच्या शनिवारच्या बैठकाही वर्षानुवर्षं आयआयटीतच भरत आल्या. म्हणजे कर्नलशी झुंजणारी तीन तऱ्हेची माणसं या एका शहरात आहेत: प्रोसेसर घडवणारी, वितरण बांधणारी आणि रिची स्ट्रीटच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून आणलेला पेन ड्राइव्ह लावून बघणारी. तिघांच्याही अडचणींचा साचा मात्र सारखाच आहे.

बांधणी कुठे अडते?

लिनुस टॉरवाल्ड्‌सने ऑगस्ट १९९१मध्ये लिनक्सची घोषणा केली, तेव्हा कर्नलच्या कोडमध्ये काही हजार ओळी होत्या. आज त्या चार कोटींच्या घरात आहेत. त्यातला मोठा भाग ड्रायव्हरांचा असतो आणि आपल्या यंत्राला त्यातले मूठभर लागतात. नव्वदच्या दशकात साउंड कार्ड चालवायलाही कर्नल स्वतः कंपाइल करावा लागे. आता वितरणं जवळपास सगळे ड्रायव्हर मॉड्युलच्या रूपात आयतेच देतात. त्यामुळे आज स्वतः कंपाइल करण्याला मोजकीच कारणं उरतात: अगदी नवं हार्डवेअर, एखादा पॅच तपासणं, बिघाड कोणत्या बदलामुळे आला ते शोधणं, स्वतःचा बोर्ड, किंवा निव्वळ शिकणं. यातलं एकही कारण नसेल तर वितरणाचा कर्नल उत्तम.

कंपाइल करायचंच ठरलं आणि ते अडलं, तर पहिला नियम असा की शेवटची ओळ वाचू नये. बांधणी आठ-आठ कामं समांतर चालवते. एक काम कोसळतं, बाकीची आपली बडबड चालू ठेवतात आणि शेवटी 'एरर २' छापून 'मेक', म्हणजे बांधणी चालवणारं साधन, थांबतं. तो आकडा म्हणजे वरच्या मेकने खालच्याचा दिलेला निरोप फक्त, त्यातून काही कळत नाही. खरं कारण शेकडो ओळी वर असतं. सगळा मजकूर फाइलमध्ये साठवून 'एरर' हा शब्द पहिल्यांदा कुठे येतो ते शोधावं, किंवा एकच काम लावून मेक पुन्हा चालवावं, म्हणजे ते दोषाच्या नेमक्या जागी थांबतं.

त्या पहिल्या ओळीत जे दिसतं त्याचे पाच गट पडतात.

पहिला गट नसलेल्या साधनांचा. फ्लेक्स, बायसन, बीसी, ओपन-एसएसएल आणि लिब-एल्फ यांच्या हेडर फाइली, आणि हल्ली बीटीएफ माहितीसाठी लागणारं 'पाहोल'. यातलं काही नसलं की बांधणी काही मिनिटांत पडते. हा सर्वांत सोपा दोष. पॅकेज टाकलं की संपतो.

दुसरा गट उसन्या कॉन्फिगचा. चालू यंत्राची कॉन्फिग फाइल बूट डिरेक्टरीतून उचलून नव्या कोडला लावायची, ही रूढ आणि योग्य रीत आहे. पण उबुंटूच्या कॉन्फिगमध्ये विश्वासू प्रमाणपत्रांच्या फाइलींचे पत्ते असतात आणि त्या फाइली त्यांच्या बांधणी यंत्रणेतच असतात. तुमच्याकडे मेक 'कॅनॉनिकल-सर्ट्‌स ही फाइल बनवण्याचा नियम नाही' अशी तक्रार करून थांबतं. 'सिस्टिम ट्रस्टेड कीज' आणि 'सिस्टिम रिव्होकेशन कीज' हे दोन पर्याय रिकामे केले की गाडी पुढे सरकते. नव्या माणसाला हा संदेश भलताच गूढ वाटतो आणि तो कोडमध्ये चूक शोधत बसतो.

तिसरा गट कंपायलर आणि कोड यांच्या वयातल्या अंतराचा. जुना कर्नल आणि नवा कंपायलर, किंवा नेमकं उलट. मे २०२० मध्ये आलेल्या जीसीसी १० ने सामायिक चलांबद्दलचा मूळ नियम बदलला आणि तोवर निमूटपणे बांधले जाणारे जुने कर्नल 'एकाच चलाच्या अनेक व्याख्या' म्हणून लिंक होताना अडले. २०२५च्या जीसीसी १५ ने सी भाषेचं नवं प्रमाण मूळ धरलं आणि जुन्या कर्नलच्या बूट विभागात 'बूल', 'फॉल्स' या शब्दांवरून भांडण लागलं. उलट्या बाजूने कर्नलही आपली किमान अट वाढवत नेतो. २०२१च्या ५.१५ आवृत्तीत ती जीसीसी ५.१ होती, २०२५च्या ६.१६मध्ये ८.१ झाली. उपाय एकच: ज्या वर्षाचा कर्नल, त्या वर्षाच्या आसपासचा कंपायलर. जुन्या बोर्डावर जुन्या कर्नलचं काम करणाऱ्याने कंटेनरमध्ये त्या काळचं वितरण ठेवावं, हे उत्तम.

चौथा गट यंत्राच्या ताकदीचा. मेकच्या 'जे' पर्यायापुढे आकडा न लिहिता एंटर मारलं की ते वाटेल तितकी कामं एकदम सुरू करतं, मेमरी संपते आणि कर्नल कंपायलरलाच मारतो. संदेश येतो, 'किल्ड'. डीबग माहिती चालू ठेवली तर डिस्कवर वीस-पंचवीस जीबी सहज जातात. याच गटातला फसवा प्रकार म्हणजे कंपायलरचा 'सेगमेंटेशन फॉल्ट'. तो दर वेळी त्याच फाइलवर येत असेल तर दोष कंपायलरमध्ये असू शकतो. दर वेळी वेगळ्या फाइलवर येत असेल तर दोष रॅमचा किंवा उष्णतेचा. कर्नलची बांधणी प्रोसेसर आणि मेमरीला तासभर पूर्ण जुंपते, त्यामुळे एरवी झाकलेला दोष तिथे उघडा पडतो. मे महिन्यात, चेन्नईत ज्याला अग्नी नक्षत्रम म्हणतात त्या दिवसांत, धूळ साचलेल्या पंख्याचा लॅपटॉप या कसोटीला उतरत नाही. मेमटेस्ट रात्रभर चालवावं, पंखा साफ करावा, मग कोडकडे वळावं.

पाचवा गट जागेचा. तो थोडा जवळून पाहायला हवा, कारण दोन्ही तक्रारी इथेच पहिल्यांदा भेटतात.

लॅपटॉपची डिस्क भरलेली असते, म्हणून विद्यार्थी कर्नलचा कोड बाहेरच्या हार्ड डिस्कवर उलगडतो. डिस्क विंडोजवर फॉरमॅट केलेली आहे आणि तिचं नाव आहे 'न्यू व्हॉल्यूम'. लिनक्स ती मीडिया डिरेक्टरीत याच नावाने जोडतं. मेक चालवल्यावर पहिल्याच क्षणी उत्तर येतं: सोर्स डिरेक्टरीच्या पत्त्यात मोकळी जागा किंवा कोलन चालणार नाही. दोन शब्दांमधल्या त्या एका मोकळ्या जागेवर बांधणी अडते. तो डिस्कचं नाव बदलून पुन्हा येतो. डिस्क एक्सफॅटची असेल तर आता सिंबॉलिक लिंक बनत नाहीत. शिवाय नेटफिल्टरच्या भागात काही फाइलींच्या नावांत फरक फक्त मोठ्या आणि लहान अक्षरांचा आहे. लिनक्सला त्या दोन फाइली, पण फॅट कुळातल्या फाइल सिस्टिमला एकच. एक फाइल दुसरीवर लिहिली जाते आणि बांधणी पुढे कुठेतरी वेड्यासारखी कोसळते. कोड शुद्ध, कंपायलर शुद्ध, चूक फक्त जागेची. कर्नल बाहेरच्या डिस्कवर बांधायला हरकत नाही, पण ती एक्स्ट-फोर फॉरमॅटची हवी आणि तिचं नाव सलग हवं.

बांधला, पण चालेना

बांधणी पार पडली तरी पुढे तीन दारं असतात. पहिलं बूट विभागाचं. तो लहान असतो, जुन्या कर्नलांनी भरतो आणि नव्याची इनिट्रॅमएफएस फाइल अर्धवट लिहिली जाते. दुसरं दार मूळ डिस्क सापडण्याचं. 'रूट फाइल सिस्टिम जोडता येत नाही' म्हणून कर्नल पॅनिक झाला तर डिस्कचा किंवा तिच्या फाइल सिस्टिमचा ड्रायव्हर कर्नलमध्येही नाही आणि इनिट्रॅमएफएसमध्येही नाही, असं बहुधा निघतं. मूळ यंत्रणाच यूएसबी डिस्कवर असेल तर यूएसबी साठवणीचा ड्रायव्हर तिथे असायलाच हवा. तिसरं दार सिक्युअर बूटचं. स्वतः बांधलेल्या मॉड्युलवर मान्य सही नसते, म्हणून 'आवश्यक किल्ली उपलब्ध नाही' असं उत्तर मिळतं. आपली किल्ली फर्मवेअरच्या यादीत नोंदवणं हा त्यावरचा रीतसर मार्ग. या तिन्हींवर एकच विमा आहे: जुना, चालता कर्नल बूट मेनूतून कधीही काढू नये.

शक्तीसारख्या प्रोसेसरसाठी बांधताना आणखी एक दार वाढतं. रिस्क-फाइव्हचा मूळ आधार मुख्य कर्नलमध्ये जानेवारी २०१८च्या ४.१५ आवृत्तीपासून आहे. पण बांधणी होते इंटेलच्या यंत्रावर, म्हणून प्रत्येक आज्ञेत आर्किटेक्चर आणि क्रॉस-कंपायलर सांगावे लागतात. कॉन्फिग करताना सांगितले आणि मेक करताना विसरले, तर मेक कॉन्फिग पुन्हा इंटेलच्या पद्धतीने मांडायला लागतं आणि भलतेच प्रश्न विचारतं. असे प्रश्न आले की उत्तरं देत बसू नये, थांबून आज्ञा तपासावी.

पेन ड्राइव्ह: बाहेरून आत

काढता-घालता येणाऱ्या डिस्कांबाबत तपासाचा क्रम बाहेरून आत असावा: केबल, पोर्ट, वीज, कर्नलचा संदेश, मॉड्युल आणि सर्वांत शेवटी फाइल सिस्टिम. लोक नेमके उलटे जातात. डिस्क उघडत नाही म्हटलं की फॉरमॅट करून टाकतात आणि हातचा डेटा घालवतात.

कर्नलचे संदेश दाखवणारी 'डीमेसेज' आज्ञा चालू ठेवून ड्राइव्ह लावला की मिनिटभरात बरंच कळतं. काहीच ओळ उमटली नाही तर पोर्ट किंवा ड्राइव्ह मेलेला. 'डिस्क्रिप्टर वाचताना उणे ७१' किंवा 'उणे ११०' असे आकडे आले तर केबल किंवा विजेकडे पाहावं. यूएसबी २ चं पोर्ट ५०० मिलीअँपिअर देतं, यूएसबी ३ चं ९००. फिरत्या चकतीची डिस्क सुरू होताना याहून जास्त मागू शकते. समोरच्या पोर्टवर किंवा विजेविना चालणाऱ्या हबवर न चालणारी डिस्क मागच्या पोर्टवर सुरळीत चालते, ती यामुळेच. यूएसबीचं नाव दिसलं पण डिस्कचं नाव आलं नाही, तर साठवणीचं मॉड्युल चढलेलं नाही. डिस्कचं नाव आलं, विभाग दिसले, पण जोडता येत नाही, तर मग फाइल सिस्टिम.

मॉड्युलच्या पायरीवर एक प्रकार बिघाडासारखा दिसतो, पण बिघाड नसतो. ओल्ड महाबलीपुरम रोडवरच्या आयटी कंपन्या असोत की बँका, अनेक ठिकाणी यूएसबी साठवणीचं मॉड्युल मुद्दाम बंद ठेवलेलं असतं. तिथे दुरुस्ती करायला जाणं म्हणजे नोकरी धोक्यात घालणं. आधी विचारावं.

वेगवान डिस्क लावल्यावर मध्येच तुटत असेल तर यूएएस या जलद पद्धतीवर संशय घ्यावा. डिस्क आणि यूएसबी यांना जोडणाऱ्या काही चिपांना ही पद्धत पेलत नाही. त्या उपकरणापुरती ती बंद करून जुन्या साठवण पद्धतीवर आणण्याची सोय कर्नलच्या पर्यायांत आहे. वेग थोडा कमी होतो, तुटणं थांबतं.

फाइल सिस्टिमच्या बाबतीत गेल्या काही वर्षांत चित्र पालटलं. मायक्रोसॉफ्टने ऑगस्ट २०१९मध्ये एक्सफॅटचा तपशील खुला केला आणि २०२०च्या ५.७ आवृत्तीत सॅमसंगचा ड्रायव्हर कर्नलमध्ये आला. एनटीएफएससाठी पॅरागॉनचा ड्रायव्हर २०२१च्या ५.१५मध्ये दाखल झाला. तरी एक अडचण उरलीच. विंडोजमधलं 'फास्ट स्टार्टअप' चालू असेल तर बंद केलेलं यंत्र खरं तर अर्धवट झोपलेलं असतं. तशी डिस्क लिनक्सला लावली की 'व्हॉल्यूम अस्वच्छ आहे' म्हणून लिहायला नकार मिळतो. जबरदस्तीचा पर्याय वापरू नये. ती विंडोजमध्ये परत लावून नीट बंद करावी. चार जीबीहून मोठी फाइल जात नसेल तर तो बिघाड मानू नये, फॅट-३२ची मर्यादाच तेवढी आहे. आणि मराठी नावांच्या फाइली प्रश्नचिन्हांच्या ओळी होऊन दिसल्या, तर फॅट जोडताना अक्षरसंच यूटीएफ-८ दिलेला नाही एवढंच.

सर्वांत जास्त डेटा मात्र घाईमुळे जातो. पेन ड्राइव्हवर सिनेमा टाकला, पट्टी शंभर टक्क्यांवर गेली, काढून घेतला, घरी फाइल फुटली. पट्टी दाखवते ते मेमरीत लिहून झालं एवढंच. उपलब्ध मेमरीच्या वीस टक्क्यांपर्यंत न उतरवलेला मजकूर साठू देणं हा कर्नलचा मूळ शिरस्ता. सोळा जीबीच्या यंत्रावर तो तीन जीबीच्या आसपास जातो. सेकंदाला आठ एमबी वेगाने लिहिणाऱ्या स्वस्त पेन ड्राइव्हला तेवढं उतरवायला सहा मिनिटं लागतात. 'सिंक' आज्ञा द्यावी किंवा रीतसर अनमाउंट करावं आणि ते संपेपर्यंत थांबावं. 'उपकरण व्यस्त आहे' असं उत्तर आलं तर कोणता प्रोग्राम ते धरून बसला आहे ते 'एफ-यूजर' सांगतो. बहुतेक वेळा आपलंच टर्मिनल त्या डिरेक्टरीत उभं असतं.

कायम लावून ठेवायच्या डिस्कची नोंद एफएस-टॅबमध्ये करताना 'एसडीबी' असं नाव लिहू नये. लावण्याचा क्रम बदलला की ते बदलतं. यूयूआयडी लिहावा आणि जोडीला 'नोफेल'. तो नसेल आणि डिस्क लावलेली नसेल, तर यंत्र सुरू होताना दीड मिनिट वाट पाहतं आणि आपत्कालीन अवस्थेत जाऊन बसतं. आणखी एक सूचना: नव्या, संशयास्पद स्वस्त ड्राइव्हची खरी क्षमता 'एफ-थ्री' या साधनाने तपासावी. वर छापलेली आणि आत असलेली क्षमता नेहमी जुळतेच असं नाही.

दोन्ही तक्रारींचा सांधा

आता तो प्रसंग, ज्यात बांधणीतली निवड महिन्याभराने पेन ड्राइव्हच्या रूपात उलटते. २००९च्या २.६.३२ आवृत्तीपासून 'लोकलमॉडकॉन्फिग' नावाची सोय आहे. या घडीला जी मॉड्युलं चढलेली आहेत तेवढीच ती कॉन्फिगमध्ये ठेवते, बाकी गाळते. बांधणीचा वेळ तासावरून काही मिनिटांवर येतो. पण आज्ञा देताना पेन ड्राइव्ह लावलेला नसेल, तर यूएसबी साठवणीचं मॉड्युल चढलेलं नसतं, म्हणून ते गाळलं जातं. एक्सफॅटचंही तसंच. फॅटला लागणारं अक्षरसंचाचं मॉड्युल गेलं तर डिस्क दिसते, पण जोडताना 'चुकीचा प्रकार किंवा चुकीचा पर्याय' असं मोघम उत्तर मिळतं. खरं कारण पुन्हा डीमेसेजमध्ये. म्हणून ही आज्ञा देण्याआधी नेहमी वापरात असलेलं प्रत्येक उपकरण एकदा लावून घ्यावं.

याचंच धाकटं भावंड आयत्या कर्नलच्या अद्ययावतीकरणात भेटतं. काही वितरणं नवा कर्नल टाकताना जुन्याची मॉड्युलं लगेच पुसतात. यंत्र रीस्टार्ट केलेलं नसतं, चालू कर्नल जुनाच असतो, त्याला हवं ते मॉड्युल आता डिस्कवर नाही. कालपर्यंत चालणारा पेन ड्राइव्ह आज 'अज्ञात फाइल सिस्टिम' म्हणून परत जातो. 'यूनेम'ने चालू आवृत्ती पाहावी, तिच्या नावाची मॉड्युल डिरेक्टरी आहे का ते पाहावं. नसेल तर रीस्टार्ट हेच औषध.

फ्रीबीएसडीसारख्या युनिक्सवंशीय यंत्रणांत नावं वेगळी आहेत. यूएसबी डिस्क तिथे 'डीए-शून्य' होते, कर्नल 'बिल्डकर्नल'ने बांधला जातो आणि कर्नल व मूळ साधनं एकाच झाडात असल्यामुळे कंपायलरच्या वयाचा घोळ बराच कमी होतो. तपासाचा क्रम मात्र तोच लागू पडतो.

निष्कर्ष

या सगळ्यांत कर्नलच्या मूळ कोडमधली चूक हे शेवटून पहिलं कारण आहे. ती असते, सापडतेही, पण आधी साधनं, कॉन्फिग, कंपायलरचं वय, मेमरी आणि जागा हे पाच सांधे तपासून झाल्यावर. पेन ड्राइव्हच्या बाबतीत तसंच: केबल आणि वीज तपासल्याशिवाय फाइल सिस्टिमला हात लावू नये आणि डेटाची प्रत काढल्याशिवाय दुरुस्तीची आज्ञा देऊ नये. कोणाकडे मदत मागताना चार गोष्टी सोबत द्याव्यात: कर्नलची आवृत्ती, कंपायलरची आवृत्ती, पहिली चुकीची ओळ आणि ड्राइव्ह लावल्यानंतरचा डीमेसेजचा मजकूर. एवढं दिलं की निम्मा तपास झालेला असतो.

आणि बाहेरच्या डिस्कवरची एकुलती एक प्रत म्हणजे बॅकअप नव्हे. डिसेंबर २०१५च्या पुरात चेन्नईत तळमजल्यांवर पाणी शिरलं, तेव्हा संगणक आणि शेजारच्या कपाटातली डिस्क एकत्रच भिजली. दुसरी प्रत दुसऱ्या घरी ठेवा.